घशात अडकलेलं सतयुग

आसेगावात आलेले महाराज इतके म्हातारे होते, की त्यांच्या दाढीत चिमण्यांच्या नातसुना नांदत होत्या म्हणतात. मारुतीच्या पारावर माइक धरून ते हिंदीत सांगत होते, की कलियुग आता संपलंच समजा. सतयुगात दाराला कुलूप लागणार नाही, म्हशी रेडकाला विचारून दूध देतील. "और सतयुग में कोई बाप अपने बेटे को कंधा नहीं देगा!"

हे ऐकून मागं उकिडवे बसलेले नानाजी उभेच राहिले. घरी त्यांचा लखन खाटेला खिळला होता. अकोल्याच्या डॉक्टरनं 'आता घरी न्या' एवढंच सांगितलं होतं.

"महाराज, कधी येते जी सतयुग?" नानाजी ओरडले.

महाराजांनी हात वर केला. "सतयुग कल..." एवढं म्हणाले, ठसका लागला, आणि बसल्या जागी गेले. क्रियापद घशातच राहिलं.

झालं! हिंदीतलं कल म्हणजे काल की उद्या? गावात दोन पार्ट्या पडल्या. किराणावाले दौलतराव म्हणाले, सतयुग काल आलं. आणि दुकान सताड उघडं टाकून जेवायला गेले. परत येईतो तराजूसुद्धा उरला नव्हता.

"काहून जी दौलतराव," शेजारच्या ललिताबाईंनी विचारलं, "सतयुगात किराणा फुकट भेटते का?"

"सतयुग आलं, वयनी. चोरायले अजून खबर नाही लागली!"

नानाजी उद्यावाले. त्यांना दुसरं परवडणारच नव्हतं. लखनच्या कानाशी लागून ते म्हणाले, "बापू, उद्यापर्यंत दम धर. सतयुग येऊन राह्यलं."

"नक्की उद्याच का, बा?"

नानाजी तडक स्टँडवरच्या हबीब टेलरकडे गेले. हबीबच्या हिंदीवर गावाचा भरवसा.

"हबीब, कल म्हंजे उद्याच नं? सांग नं बाप्पा."

हबीबनं मशीन थांबवली. उद्याच म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं. पण म्हातारा असा तोंडाकडे बघत होता, की खोटं बोलवेना.

"दोन्ही, नानाजी. गेलेला दिवस बी कल, अन् येनारा बी कल. आज मात्र नोहे."

घरी येऊन नानाजींनी लेकाला सांगितलं, "उद्याच."

सकाळी लखननं विचारलं, "आलं?"

"आज कुठी? उद्या म्हनलं नं."

पुढच्या सकाळीही तेच. मग एका सकाळी लखननं काही विचारलंच नाही.

मयतीला दोन्ही पार्ट्या आल्या. नानाजींनी तिरडीचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला, तो कोणालाही बदलू देईनात. दौलतराव शेजारून चालत पुटपुटले, "मीच चुकलो गा नानाजी. काल नव्हतंच आलं. कलियुगच हाये हे."

उद्यावाल्यांनी धीर दिला, "थोडक्यात हुकलं जी. उद्या येतेच पाहा."

नानाजी चालता चालता थबकले. सगळी तिरडी थबकली.

आता रोज सकाळी पारावर सगळ्यांच्या आधी नानाजी हजर. गावाला वाटतं, म्हातारा अजून सतयुगाची वाट पाहून राहिला. नानाजी मात्र मारुतीच्या शेंदरी कानाशी तोंड नेतात अन् हळूच म्हणतात, "आज नको आनू, देवा. उद्या बी नको. माह्या लखनच्या मागून कायले येते आता ते?"

आणि देवानं त्यांचं हे मागणं आजवर एकदाही मोडलेलं नाही.