जिंजरचं बसणं

"गराजचं शटर वर कर पोरी, अन् जिंजरले माह्याकडे चालवत आण."

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे सकाळी पावणेसातला सांगितलं तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं की माझी ट्रेन चुकेल. पण सासऱ्यांना तोंडावर काय बोलणार? लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि पट्टा धरला.

जिंजर आमची गोल्डन रिट्रीव्हर, सहा वर्षांची. इथे परदेशात, टार्निटमध्ये घर घेतल्यावर लेकीच्या, नुपूरच्या, हट्टापायी आणलेली. या जातीला कान, कातडी, सांधे, कॅन्सर, जे काही होऊ शकतं ते सगळं होतं, हे आधी कोणी सांगितलं नाही. नुसत्या कानांसाठी मी व्हेटकडे इतक्यांदा गेले आहे की रिसेप्शनवरची मुलगी मला पाहिलं की थेंबांची बाटलीच काढते. आता महिनाभर जिंजर मागच्या उजव्या पायाने लंगडत होती. व्हेटने एक्स-रे काढला, दोन्ही खुबे जन्मापासूनच उथळ आहेत म्हणाली आणि स्पेशलिस्टकडे पाठवलं. उजवा खुबा बदलायचा, चौदा हजार डॉलर. जन्मजात दुखणं म्हणून विमावाल्यांनी हात वर केले. माझ्या नवऱ्याने, स्वप्निलने, यंदाची भारतातली सुट्टी रद्द केली आणि विषय संपवला.

बाबा तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि डॉक्टर निघून गेले की टेबल पुसायचं. हे मला लग्नानंतर कळलं. स्वप्निल सगळ्यांना सांगतो, बाबा पशुवैद्यकीय खात्यात होते. पुढचं ज्याने त्याने समजून घ्यावं.

तर गराजमध्ये बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, उलट्या बादलीवर बसले आणि चक्क डोळे मिटले. म्हटलं, झालं, मला कामाला लावून हे डुलक्या काढणार. पण ते काँक्रीटवर वाजणारी नखं ऐकत होते. तीनदा मला येरझाऱ्या घालायला लावल्या. मग जिंजरला बसवायला सांगितलं, उठवायला सांगितलं, पुन्हा बसवायला. दर वेळी तिचा उजवा पाय अंगाखाली न जाता बाजूला फेकल्यासारखा पडायचा. सहा वर्षं ती माझ्यासमोर बसते आहे. मला कधी दिसलं नाही.

बाबांनी तिच्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली.

"खुबा खराब असन. फोटो खोटं नाही बोलत. पण लंगडते ते गुडघ्यानं."

मी म्हटलं, बाबा, व्हेटने तपासलंय की.

"उभी पाह्यली. बसताना कोणं पाह्यली?"

ट्रेन गेलीच.

घरी आल्यावर स्वप्निलला सांगितलं, तर तो उसळला. स्पेशलिस्टसमोर हे काढायचं नाही, ते लोक हसतील, असं म्हणाला. रागापेक्षा त्यात लाज जास्त होती, आणि ती कुत्रीबद्दल नव्हती. नुपूर सोफ्यावरून म्हणाली, "व्हाय कान्ट वी जस्ट आस्क?" मी डबे धुवायला घेतले.

गुरुवारी सगळे गेलो. स्पेशलिस्ट, डॉक्टर हॅलोरन, पन्नाशीची उंच बाई. तिने एक्स-रे भिंतीवरच्या स्क्रीनवर लावला आणि बाबा आपोआप उठून उभे राहिले. मुक्या जनावराची हाडं अशी उजेडात पाहायला मिळावीत, याचंच त्यांना केवढं अप्रूप. तिकडे बाईंनी ऑपरेशनचा फॉर्म पुढे केला, स्वप्निलने पेन उचललं. त्याने सही केली की जिंजरचा खुबा कापला जाणार आणि ती उठून तशीच लंगडणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. शेवटी राहवलं नाही. बोलून टाकलं, माझे सासरे म्हणतात दुखणं गुडघ्यात आहे, एकदा तिला बसताना बघा.

बाईंनी बाबांकडे पाहिलं. "आर यू अ व्हेट, सर?"

स्वप्निल काहीतरी सारवासारव करणार, त्याआधी बाबाच बोलले. "नो डॉक्टर. ड्रेसर. थर्टी वन इयर्स."

ती हसली नाही. खुर्ची सरकवून सरळ फरशीवर बसली. "शो मी."

बाबांनी घड्याळ काढून स्वप्निलच्या हातात दिलं. जिंजरला बसवलं, पाय बाहेर पडला. मग तिला टेबलावर घेतलं. एक हात मानेखालून, एक पोटाखालून, गाल तिच्या मानेवर, आणि कानाशी काहीतरी पुटपुटणं. कानात थेंब घालायला जिला तिघे लागतात ती कुत्री अंग सैल सोडून पडून राहिली. डॉक्टरांनी मांडी एका हातात, गुडघ्याखालची नळी दुसऱ्या हातात धरून हलकेच ढकललं. खालचं हाड पुढे सरकलं. पुन्हा ढकललं, पुन्हा सरकलं.

"ही इज राइट," ती म्हणाली. आतला लिगामेंट तुटलाय, ऑपरेशन गुडघ्याचं करू, खुब्यांना कदाचित कधीच हात लावावा लागणार नाही.

एकतीस वर्षं या बोटांनी काय काय ओळखलं असेल, आणि त्याखाली सही दुसऱ्याची. मागच्या आठवड्यात मी या माणसाला डिशवॉशर नीट लावता येत नाही म्हणून सुनावलं होतं. मला स्वतःचीच शरम वाटली.

जिंजरला आत नेलं. टेबलावर केस आणि लाळ राहिली होती. बाबांनी कागदी टॉवेल ओढला, स्प्रेची बाटली घेतली आणि कोपऱ्यांपासून पुसायला सुरुवात केली. नर्स धावली. डॉक्टरांनी तिला हातानेच थांबवलं आणि पुसून होईपर्यंत स्वतःही तिथेच उभ्या राहिल्या.

स्वप्निल तळहातावर घड्याळ धरून उभा होता. नर्सने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "ही वॉज अ ड्रेसर. माय डॅड."

टेबल लख्ख झालं. बाबांनी ओला हात पुढे केला. स्वप्निलने स्वतःच्या शर्टाच्या बाहीने मनगट टिपलं आणि घड्याळाचा पट्टा लावला. नेहमीच्या भोकात तो सैल पडला. मग त्याने आणखी एक भोक आत घेतलं.