मरियेची आई

"मग माझी आई स्वच्छ नाही का, बाई?"

चष्मेवाल्या मुलीने हात वर करून विचारले आणि सिस्टरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

आठवडाभर प्रसूती वॉर्डात नर्सची नोकरी आणि रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत मुलांचा वर्ग, हा सिस्टरांचा सत्तावीस वर्षांचा रिवाज. मरियेचा धडा आला की वाक्यही ठरलेले. "मरिया कुमारी होती, म्हणजे स्वच्छ होती, म्हणून देवानं तिला निवडलं." मुले ते एका सुरात म्हणत आणि गाडी पुढे जाई. आज या मुलीने ती मधेच अडवली होती.

"असं कुठं म्हटलं मी?"

"कुमारी म्हणजे स्वच्छ म्हणालात ना. माझी आई कुमारी नाहीये. तिला आम्ही तिघं आहोत."

मागच्या बाकावर खसखस पिकली. वॉर्डात बायका ओरडोत, नवरे चक्कर येऊन पडोत, सिस्टर डगमगत नसत. आता मात्र त्या फळ्याकडे तोंड करूनच बोलल्या.

"तुझी आई स्वच्छच आहे."

"मग कुमारी कशाला हवी होती?"

"ते पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, आणि पंधरा मिनिटे आधीच वर्ग सोडला.

मुले गेली तरी त्या दुसऱ्या बाकाकडे बघत राहिल्या. पंधरा वर्षांपूर्वी तिथे दोन वेण्यांची एक मुलगी बसायची. ते वाक्य सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच म्हणायची. त्यांची लेक. आता ती चोवीस वर्षांची होती, फोटो स्टुडिओत नोकरी करत होती, लग्न झाले नव्हते आणि सातवा महिना लागला होता. माणूस कोण, ते तिने सांगितले नाही. एवढेच म्हणाली, की तो येणार नाही आणि मूल मला हवंय.

सिस्टरांनी आदळआपट केली नाही की तिला घराबाहेर काढले नाही. त्यांनी फक्त बोलणे टाकले. चार महिने घरात दोनच वाक्ये फिरत होती, "गॅस बंद केलास का" आणि "किल्ली घे". आणि आज साडेबाराच्या बसने लेक बाळंतपणासाठी आत्याकडे निघाली होती. आईच्या हातांनी गावातली निम्मी पोरे जगात आणलेली असताना.

चर्चचे पाळकसाहेब स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवत होते.

"पाळकसाहेब, देवाला कुमारीच कशाला हवी होती?"

"सत्तावीस वर्षं शिकवून झाल्यावर विचारताय होय?" हसतच ते खाली वळले. सिस्टरांचा चेहरा पाहिला आणि स्टुलावरून उतरून हात पुसत बसले. "बसा आधी. काय शिकवता तुम्ही मुलांना?"

सिस्टरांनी ते वाक्य म्हणून दाखवले.

"कुमारी होती, हे बरोबर. तुम्ही मानता, मीही मानतो. पण ते 'म्हणून' कुठून आणलंत?"

"म्हणजे?"

"स्वच्छ होती *म्हणून* निवडलं, असं कुठं लिहिलंय? उलट आहे, सिस्टर. तिथं कुणाची कमाई नव्हती, कुणाचं घराणं नव्हतं, पुरुषाचं कर्तृत्व नव्हतं. माणसाच्या हातात काही नसताना देवानं दिलं, आपण होऊन. कुमारीचा अर्थ तो. बाईचं अंग मळतं आणि तिचं मळलं नव्हतं, असा हिशेबच नाही तिथं. देवाला अंगाची किळस असती, तर पोर आभाळातून सोडलं असतं. नऊ महिने पोटात कशाला ठेवलं असतं? तुम्ही रोज मुलं काढता, त्याच वाटेनं आलं ते. रक्तात, पाण्यात."

सिस्टर पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि तिची आई? पोरीचं कळल्यावर ती काय म्हणाली?"

"मरियेच्या आईबद्दल बायबलात एक ओळ नाही. एवढंच आहे की मरिया उठली आणि घाईघाईनं डोंगरातल्या नातेवाइकाकडं, अलीशिबेकडं गेली. तीन महिने राहिली."

"घरी आई असताना."

"आई होती की नव्हती, तेही लिहिलेलं नाही."

"असेल," सिस्टर उठत म्हणाल्या. "बोलत नसेल."

स्टँडवर बस लागलेली होती. लेक खिडकीशी बसली होती, शेजारच्या सीटवर जेवणाची पिशवी. सिस्टर आत चढल्या आणि पिशवीच्या पलीकडे, सीटच्या कडेवर अर्ध्याच टेकल्या.

"तू इथं कशी?" लेक म्हणाली. "दोनची ड्युटी ना तुझी?"

"आहे." सिस्टर म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात का नको तुला? मी असते तिथं."

"तू असतेस म्हणूनच नको."

"मी काय बोलले तुला? एक शब्द तरी बोलले?"

"या चार महिन्यांत नाही बोललीस. त्याआधी दर रविवारी बोललीस. मला पाठ आहे ते, आई. झोपेतून उठवून विचार."

बस सुरू झाली. सिस्टर उतरल्या नाहीत. वॉर्डात त्या घाबरलेल्या पहिलटकरणींना काय काय सांगत, लाडाने, रागावून, थट्टा करून. त्यातले एकही वाक्य इथे चालणार नव्हते.

"चुकीचं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "त्यातला 'म्हणून' माझ्या पदरचा होता. घातला, आणि तुम्हा सगळ्यांना घोकायला लावला."

लेकीचा हात पोटावर होता, आणि आत काही हलले तसा तो जरासा सरकला. सिस्टरांनी ते पाहिले, आपला हात मात्र मांडीवरच ठेवला.

कंडक्टर आला. "बाई, तुम्ही कुठवर?"

"पुढच्या स्टॉपपर्यंत."

"अहो, पुढचा स्टॉप म्हणजे हा काय आला."

"तेवढंच द्या."

स्टॉप आला. दोन प्रवासी उतरले, एक म्हातारी चढली. कंडक्टरने दोरीला हात घातला आणि सिस्टरांकडे बघत थांबला. सिस्टर दांडा धरून उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीकडे पाहिले. लेक खिडकीबाहेर बघत होती, मान वळवली नाही.

पण न बघताच तिने मधली पिशवी उचलली आणि आपल्या पायाशी ठेवली.