आईच्या उशीतले पासपोर्ट

माझा भाऊ हेरिबेर्तो आईच्या मयताला आला तो नाकाला रुमाल लावूनच. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या याच आग्वा प्रिएताच्या धुळीत लोळून मोठा झालेला हा माणूस, पण पलीकडे अमेरिकेत, फीनिक्सला, लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बसवून द्यायला लागल्यापासून त्याला इथली धूळ सोसत नाही. तिकडे त्याला हॅरी म्हणतात. आम्ही बेतोच म्हणतो आणि तो मुकाट्यानं ओ देतो, कारण जेवायला आम्हीच वाढतो.

आत आल्याआल्या त्यानं आधी आईकडे पाहिलं नाही, दाराच्या कडीकडे पाहिलं.

"ताई, एवढी माणसं घरात? कोण कोण आहेत ही?"

"तुझेच मामेभाऊ, आतेभाऊ. मयताला माणसं येतात रे. तिकडे येत नाहीत का?"

"तसं नाही, पण सामान सांभाळायला हवं. इथलं सगळं माहीत आहे मला."

काय माहीत आहे याला? त्याच आतेभावांनी खड्डा खणला, खुर्च्या वाहून आणल्या, दोन पराती भरून तोर्तियाच्या पोळ्या भाजून घेतल्या. याला मात्र सगळ्यांच्या हातात आपला खिसाच दिसत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! लहानपणी आईच्या उशीच्या खोळीतले पैसे कोण पळवायचं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

आणि बघा, ठेवायचं म्हटल्यावर त्याला तीच जागा आठवली. अमेरिकेचा निळा पासपोर्ट, मेक्सिकोचा हिरवा पासपोर्ट, गाडीचा परवाना, सगळं एका कातडी पाकिटात घालून त्यानं ते आईच्या उशीत, कापसात खोल खुपसलं. वर पलंग नीटनेटका केला. मग अंगणात जाऊन फोनवर गिऱ्हाइकाला तलावाच्या फरशीचा रंग समजावत बसला.

आमच्या घराण्यात माणसाला त्याच्या स्वतःच्या उशीवर निजवून पाठवतात. शवपेटी बंद करण्याआधी शेजारच्या तेओदोरा मावशीनं आईच्या डोक्याखाली तिची उशी सरकवली. उशी जरा टणक लागली, पण आईच्या उशीत काही ना काही असायचंच. बाबांच्या मयतालाही असंच केलं होतं. बेतो तेव्हा आला असता तर त्याला कळलं असतं. पण तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती.

दफन करून आम्ही घरी परतलो आणि तो आईच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता.

"ताई, उशी कुठाय?"

मी सांगितलं कुठाय ते. तो खाली बसला आणि उशीत काय खुपसलं होतं ते सांगून मोकळा झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मला हसू आलं. आईला पुरून तासही झाला नव्हता, तरी आलं.

पण पुढचं ऐकून हसू विरलं.

"कबर उघडावी लागेल," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"पाचच मिनिटांचं काम आहे, ताई. सोमवारी कंपनीचा मोठा साहेब येणार आहे. नवे पासपोर्ट काढायचे तर वकिलातीत आठवड्यानंतरची वेळ मिळते."

"आईला एकदाच पुरतात, बेतो. ती काय कपाटाचा खण आहे, उघडला आणि बंद केला?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

तो उठून सरळ दफनभूमी राखणाऱ्या एउस्ताकियो काकांकडे गेला आणि त्यांच्या हातात डॉलर कोंबून आला. काका तसे भले, पण गरीब. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, 'उद्या सकाळी बघू' म्हटलं. त्यांचं 'बघू' म्हणजे 'हो'च, हे मला चांगलं ठाऊक आहे. उद्या सकाळच्या आत बेतोला सरहद्दीपलीकडे ढकललं नाही, तर आईच्या अंगावर पुन्हा फावडं पडणार होतं.

"चल ऊठ," मी म्हटलं. "नाक्यावर जाऊ. खरं काय ते सांग. नागरिक आहेस ना तू त्यांचा? छाती फुगवून सांगत असतोस."

"कागदांशिवाय? मला अडकवून ठेवतील!"

"ठेवतील थोडा वेळ. तुझी आई कागदांशिवाय गेली होती. तेही तू पोटात असताना."

यावर त्यानं बूट चढवले. तो पलीकडे विलकॉक्सला जन्मला, सॅलडच्या भाजीच्या शेतात आई मजुरी करायची तेव्हा. मी तिची वाट बघत बांधावर बसलेली असायचे. तिच्या त्या पायपिटीमुळे हा जन्मतःच अमेरिकन झाला, आणि त्याच पायपिटीमुळे तिला पुढे कधी व्हिसा मिळाला नाही. नातवंडं बघायची म्हणून ती पुनःपुन्हा अर्ज करायची, खिडकीतला साहेब पुनःपुन्हा मान हलवायचा. पोरगा नागरिक असेल तर तो आईला रीतसर बोलावू शकतो, अर्ज तेवढा त्यानं करायचा. "करतो, आई, सध्या कामाची गडबड आहे," हे उत्तर ऐकत ऐकत ती म्हातारी झाली.

माझ्याकडे बाजारहाटापुरतं पलीकडे जायचं कार्ड आहे. मी त्याच्यासोबत रांगेत उभी राहिले. खिडकीमागचा अधिकारी गास्तेलुम आडनावाचा, म्हणजे कुठल्यातरी पिढीत आमच्यातलाच.

"कागदपत्रं?"

"चोरीला गेली," बेतो म्हणाला. "इथे, आग्वा प्रिएतात. तुम्हाला माहीतच आहेत इथली माणसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी त्याच्या आईला खांदा दिला, त्यांना हा परक्यासमोर चोर ठरवत होता.

"कुणी चोरलं नाही हो, साहेब," मी पुढे होऊन म्हटलं. "यानंच आईच्या उशीत लपवली. आई आज त्या उशीवर डोकं ठेवून मातीत गेली."

 अधिकाऱ्यानं आम्हा दोघांना आत बोलावलं, बेतोच्या बोटांचे ठसे घेतले आणि एकेक प्रश्न विचारू लागला. जन्म कुठला? आईचं नाव? लग्नाआधीचं आडनाव? इथवर बरं चाललं.

"आईची जन्मतारीख?"

"दहा मे," बेतो ठणकावून म्हणाला.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "दहा मे? त्या दिवशी तर मेक्सिकोतल्या सगळ्याच आयांचा दिवस असतो. तुमची जन्मली कधी?"

 वर्षातून एकदा, मातृदिनाला फोन करणारा तो. तोच तिचा वाढदिवस, असं इतकी वर्षं धरून बसला होता! आई तरी काय बाई होती, एकदाही तिनं चूक दाखवली नाही. उलट फोन ठेवला की म्हणायची, "बघ, पोरानं आठवण ठेवली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बस आता इथेच. खा हवा! पण मी गप्प राहिले असते तर त्याला मागे पाठवलं असतं, आणि मागे एउस्ताकियो काका फावडं घेऊन उभे.

"दोन फेब्रुवारी," मी म्हटलं. "कांदेलारियाच्या सणाचा दिवस. तामाले खाऊन लोक झोपले आणि आई जन्मली."

बेतोच्या जन्माच्या जुन्या नोंदीत आईची तीच तारीख निघाली. अधिकाऱ्यानं शिक्का मारला.

"जा. स्वतःच्या नागरिकाला आम्हाला बाहेर ठेवता येत नाही," तो बेतोला म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "नाहीतर ठेवलं असतं."

बेतो पलीकडच्या फाटकातून गेला. सुंभ जळला तरी पीळ जाईना, मागे वळून "ताई, येतो" एवढंही म्हणाला नाही. मी तिथूनच दफनभूमीवर गेले आणि काकांना सांगितलं, डॉलर ठेवा, फावडं ठेवून द्या.

नवव्या दिवशी, आईसाठीच्या रोझरीच्या शेवटच्या प्रार्थनेला, त्याचा फोन आला. मला वाटलं, आईचं काही विचारील.

"नवा पासपोर्ट मिळाला, ताई! जुने दोन्ही मी रद्द करून टाकलेत, म्हणजे कुणाच्या हाती लागले तरी चालणार नाहीत."

"कुणाच्या हाती लागणार रे?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी कबरीवर झेंडूची फुलं ठेवली. जन्मभर जो कागद तिनं मागितला, तो आता तिच्या डोक्याखाली होता, एक सोडून दोन. आईशी बराच वेळ बोलले, कोण कोण आलं, कोण किती रडलं. ते दोन्ही कागद रद्द झालेत, हे मात्र मी तिला सांगितलं नाही.