मासा तेवढा रंगीत

फ्लेक्स छापणाऱ्याला कोणी कलाकार म्हणत नाही. पण माझ्या दुकानातून गेल्याशिवाय तिरोड्यात ना कोणाचा वाढदिवस होतो, ना तेरावं. चेहरा गोरा करून कान विसरणारे दुसरे. मी, दुलीचंद, कानसुद्धा गोरे करतो.

मुन्नालाल सेठ माझ्याकडे आला तो बोदलकसा तलावाकडच्या एका मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष व्हायला. माशांचा व्यापारी, पण पाण्यात कधी घोट्याएवढाही उतरलेला नाही. अध्यक्ष आमसभेत हात वर करून निवडायचा होता. सभेला चार दिवस होते आणि सेठनं दारावर ‘अध्यक्ष’ अशी पाटी आधीच लावून टाकली होती. आता हरला असता तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

त्यानं मोबाईलमधला फोटो दाखवला. बुधराम नावाच्या जुन्या मच्छीमारानं भलामोठा रोहू दोन्ही हातांनी धरला होता. सेठ त्याच्या खांद्याआडून डोकावत होता.

“हा बुधराम काढून टाक,” सेठ म्हणाला.

“काढतो. पन मच्छी त्याच्या हातात हाय. हात काढले तं मच्छी हवेत लटकन.”

“मंग हात राहू दे. लोकायले वाटन माहेच हायेत. अन् नजर सिद्धी मच्छीवर गेली पायजे.”

मी नुकताच एक नवा इफेक्ट शिकलो होतो. हवा तो भाग निवडायचा. तेवढा रंगीत राहतो आणि बाकी सगळं करडं होतं. मी माशाभोवती माऊस फिरवला. हात माशाला चिकटलेले, तेही निवडीत आले. मग निवडलेला भाग इतका ठळक केला की खवलं मोजावीत. सेठला मोबाईलवर पाठवलं. त्यानं मासा दोन बोटांनी मोठा करून पाहिला असणार, कारण लगेच उत्तर आलं, “एक नंबर!”

दहा फुटी फ्लेक्स गावच्या बस थांब्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठच्या बायकोची मावशी, शकुंतलाबाई, बसमधून उतरली. करड्या रंगातला जावई पाहून तिनं तिथेच हंबरडा फोडला. आमच्याकडे फ्लेक्सवर माणसाचा रंग एकदाच उडतो. ती रडत रडत दारात पोचली, तर सेठ अंगणात दात घासत होता. तरी तिचं रडणं थांबेना.

“मी जिता हाय, मावशी!”

“पाहून राहिली न बाप्पा, पन आता अर्ध्यात कसी थांबू?”

तोवर फ्लेक्सखाली ही गर्दी जमली होती. मासळी विकणारी देवकाबाई डोक्यावरची टोपली सावरत जवळ गेली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, “बुधराम.” बुधरामनं लहानपणी जत्रेत मनगटावर स्वतःचं नाव गोंदवून घेतलं होतं. ते मी माशाबरोबर ठळक करून ठेवलं होतं. त्याच्याच खाली माझी ओळ होती, ‘आपला हक्काचा माणूस’. सेठचं नाव कोपऱ्यात करडं पडलेलं.

“मुन्नालाल तं गेला,” देवकाबाई म्हणाली. “बुधराम उभा हाय वाटते.”

लोक हसले, आणि हसू सभेपर्यंत टिकलं. सेठ बोलायला उठला तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, “सेठ, तुमी अजून हायेत काय?” पुढचं भाषण कोणी ऐकलंच नाही. देवकाबाईनं बुधरामचं नाव सुचवलं. बुधराम नको नको म्हणत होता. पहिला हात त्याच्या बायकोचा, शामकलाचा, वर गेला. तीस वर्षं ती त्याच्याबरोबर जाळं ओढत आली आहे. मग सगळेच हात वर झाले.

सेठ दुकानात येऊन मला नाही नाही ते बोलला. मी त्याचाच ‘एक नंबर’ त्याला दाखवला. मला मात्र मनापासून आनंद झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून खरं छापलं गेलं होतं, तेही चुकून.

आठ दिवसांनी बुधराम आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. अभिनंदनाचा फ्लेक्स हवा होता. फोटोत तो तलावाच्या पाळीवर जाळ्याचं एक टोक धरून उभा, आणि दुसरं टोक वाकून ओढणारी शामकला.

“मांगचं सारं काढून टाक,” तो म्हणाला. “अध्यक्ष एकटाच दिसला पायजे.”

“अन् जाळं?”

“जाळं राहू दे. सोभते.”

मी फोटो पडद्यावर मोठा केला. शामकलाच्या हातावर, मनगटाच्या वर, गोंदलेलं होतं, ‘बुधराम’. मी तिथे बोट ठेवलं.

“वहिनीचा हात काढला तं तुमचं नाव बी जाते, बुधरामभाऊ.”

तो वाकून पडद्याजवळ आला. मला वाटलं, आता शरमेल.

“नाव तेवढं ठेव,” तो म्हणाला. “बाकी काढ.”