ठमाबाईचे दोन अंश

ठमाबाई दोह्याला निघाल्याची बातमी पनवेलच्या मच्छीबाजारात पसरली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो कामाचा. पनवेल-उरणकडून माणसं आखातात जायची ती नोकरीला. दुसऱ्या कशासाठी कुणी तिकडे गेल्याचं बाजारात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"कोना शेखाकडं?" हौसाने विचारलं. हौसा ठमाबाईची जाऊ, तिच्या पाटीशेजारी पाटी लावून बसायची.

"शेखाकडं नाय गो. परिषद हाय, हवामानाची."

"तुना हवामानातला काय कलतंय?"

"मना खाडीतला कलतंय," ठमाबाई म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा जिताडा कापायला घेतला.

ते मात्र खरं होतं. दोन वर्षांपूर्वी कोळीवाड्यामागच्या तिवरांत, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीत, डंपर येऊन बांधकामाचा राडारोडा ओतू लागले, तेव्हा अकरा बायकांना घेऊन ती वाटेत आडवी बसली होती. पहिला डंपर मागे घेता घेता चिखलात रुतला आणि दोन दिवस तिथेच राहिला. त्यानंतर तिने सरकारी कचेरीत एवढे अर्ज दिले की तिथला शिपाई तिला बघितल्याबरोबर स्वतःच अर्जावर पोच देऊन मोकळा व्हायचा. डंपर मात्र अधूनमधून येतच राहिले. हे सगळं मुंबईच्या एका संस्थेच्या कानावर गेलं. संस्थेचं काम करणारी किशोरी कामोठ्यात राहायची. तीच एक दिवस स्कूटीवरून आली आणि म्हणाली, "मावशी, दोन हजार बाराची जागतिक परिषद आहे. तुम्हाला तीन मिनिटं बोलायचंय."

तीन मिनिटांसाठी विमानाने जायचं, हे ठमाबाईला पटायला आठवडा लागला.

निघायच्या आदल्या दिवशी मसाल्याच्या दुकानातली सुगरा एक भलं मोठं पुडकं घेऊन आली. तिचा नवरा मुबारक बारा वर्षं दोह्यात एसीचं काम करत होता.

"ठमाबाई, एवढं त्यांना द्या. थोडा मसाला आहे, सुक्या कोलंबीचे सोडे आहेत. आणि बघा, तब्येत खराब झालीय का ते. फोनवर खरं बोलत नाहीत."

किशोरीने कपड्यांची यादी दिली होती. वाळवंटी देश, म्हणून सगळं सुती. ठमाबाईने तीन सुती लुगडी घेतली.

दुभाषी म्हणून किशोरी सोबत होती. दोह्याच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ठमाबाईची बॅग उघडली. सोड्यांचा वास बाहेर आला, तसा तो दोन पावलं मागे सरकला. ठमाबाईने पुड्याची दोरी सोडून चार सोडे तळहातावर घेतले आणि त्याच्यापुढे धरले. "खा की. चांगलं सुकवलेलं हाय." अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने बॅगेची चेन लावली आणि दोघींना वाट करून दिली.

परिषदेच्या इमारतीत ठमाबाईने पाऊल टाकलं मात्र, तिच्या अंगावर काटा आला. बाहेर छान ऊन होतं, आत मात्र बर्फाच्या कारखान्यासारखा गारठा. एवढ्या मोठ्या दालनात शेकडो माणसं कोट घालून बसली होती. तिच्या पोटऱ्या उघड्या, पाठ जेमतेम झाकलेली. तासाभरात दात वाजायला लागले.

"काय चाललंय त्यांचं?" तिने विचारलं.

"एका शब्दावर अडलंय, मावशी," किशोरी कानातलं यंत्र सावरत म्हणाली. "काही देशांना 'करू' हवंय, काहींना 'करण्याचा विचार करू' हवंय."

"आनि कशासाठी?"

"पृथ्वीचं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त वाढू नये म्हणून."

दुपारपर्यंत शब्द सुटला नाही आणि थंडी काही सोसवेना. ठमाबाईने पिशवीतून बायकांनी शिवून दिलेला 'खाडी वाचवा' असा लाल अक्षरांचा फलक काढला. दोन माणसांनी हात पसरावेत एवढा लांब, जाड मांजरपाटाचा. तिने तो डोक्यावरून घेऊन अंगाभोवती गच्च गुंडाळला आणि भिंतीला टेकून बसली. जरा बरं वाटलं.

पाचच मिनिटांत समोर कॅमेरे आले. मग आणखी कॅमेरे. मग दोन रक्षक आले आणि इंग्रजीत गुरगुरू लागले.

"मावशी, परवानगीशिवाय निदर्शनं करता येत नाहीत म्हणतायत!" किशोरी घाबरली.

"निदर्शनं कोन करतंय? मना थंडी लागलेय!"

किशोरीने तसं सांगितलं. रक्षकांना ती घोषणाच वाटली. त्यांनी वहीत लिहून घेतली. शेवटी फलक गुंडाळून पिशवीत गेला आणि ठमाबाई पुन्हा कुडकुडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबारक पुडकं न्यायला आला. तो त्याच इमारतीत कामाला होता. निळा गणवेश, कमरेला पान्हे, आणि सुगराला काळजी होती त्याच्या उलट चांगलं सुटलेलं पोट.

"ठमाबाई, तुम्ही इथे! बोंबील नाही आणलेत?"

"बोंबलाचं नंतर. ह्या थंडीचं काय ते कर आदी. आज मना बोलायचं हाय, तोंड उघडलं तं दातंच वाजतील."

"साहेबांचा हुकूम आहे हो, कोटवाल्यांना घाम येता कामा नये." मुबारकने पुडक्याचा वास घेतला, डोळे मिटले, क्षणभर पनवेलला जाऊन आला. मग हळूच म्हणाला, "फक्त दोन अंश वाढवतो. जास्त सांगू नका. माझी नोकरी जाईल."

आणि तो एका दाराआड नाहीसा झाला.

तासाभराने दालनात चुळबुळ सुरू झाली. आधी एकाने टाय सैल केला. मग कागदांनी वारा घेणं सुरू झालं. मग कोट निघाले, खुर्च्यांच्या पाठींवर गेले. ठमाबाईचे हातपाय मात्र दोन दिवसांत पहिल्यांदाच मोकळे झाले. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

किशोरीने लिहून दिलेला कागद तिच्या हातात होता. पहिलाच शब्द 'अनुकूलन'. तिने तो वाचायचा प्रयत्न केला, अर्ध्यात अडकली आणि कागद खाली ठेवला. समोर बघितलं, तर खुर्च्यांच्या पाठींवर कोटच कोट.

"मी सांगते तसंच सांग," ती किशोरीला म्हणाली आणि माइककडे वळली. "सकालपासून गरम होतंय ना तुमाला? दोन अंश वाढलंत. माझ्या वलखीच्या मानसानं वाढवलंत. तुमी कोट काढलंत, टाय काढलीत, पानी मागवलंत. आमच्या खाडीतल्या जिताड्याला कोट नाय. तो काय काढंल?"

किशोरीने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. कुणीतरी हसलं.

"तिवरांच्या सावलीत त्याची पिल्लं वाडतान. त्या तिवरांवर राडारोडा टाकतान. तवडा थांबवा. दुसरा काय मागना नाय."

वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. टाळ्या मात्र बऱ्याच वेळ वाजल्या. एका बेटावरच्या उंच बाई येऊन तिला कडकडून भेटल्या. ठमाबाई जागेवर येऊन बसली आणि परिषद परत त्याच शब्दाकडे वळली. संध्याकाळपर्यंत 'करण्याचा विचार करू' हेच ठरलं, असं किशोरीने सांगितलं. ठमाबाईने फलकाची घडी पिशवीत आणखी खाली दाबली. तिला रडू येईल असं वाटत होतं, आणि परक्या देशात रडायचं नाही असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं.

पनवेलला परतली तर हौसा वर्तमानपत्र घेऊन उभी. पहिल्याच पानावर फलक गुंडाळून बसलेली ठमाबाई, खाली मोठ्या अक्षरांत: 'कोळिणीच्या मूक निषेधाने जग हेलावले'.

"मूक?" हौसा म्हणाली. "तू?"

जग हेलावलं की नाही ठाऊक नाही, कचेरी मात्र हेलावली. चौथ्या दिवशी मोठे साहेब जीपमधून आले. सोबत जेसीबी, ट्रक आणि फोटो काढणारा. ठमाबाईला शेजारी उभं करून साहेबांनी तिवरांकडे जाणाऱ्या डंपरच्या वाटेवर हा एवढा खोल चर खणून घेतला. फोटो झाले, नारळ फुटला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब जीपकडे वळले आणि थांबले. जीप चराच्या पलीकडे होती, खाडीच्या बाजूला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी ठमाबाईच पुढे झाली. "सायेब, तो डंपरवाल्यांचा राडारोडा पल्लाय ना, त्योच टाका चरात. जीप काढा. आनि मंग तो भरून घेऊन जावा."

तसंच झालं. राडारोड्याने चर भरला, जीप बाहेर आली, जेसीबीने चर पुन्हा उकरला आणि राडारोडा ट्रकमध्ये भरला. साहेबांना घाई होती, पण ठमाबाई जीपच्या पुढ्यात पाटी ठेवून बसली आणि चर पहिल्याएवढा खोल होईपर्यंत उठली नाही.