वाकडं अंगण

बाईंनी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवले, अंगाचा सगळा भार टाकला आणि झटकन हात काढून घेतले. गाडी खाली गेली, वर आली आणि पाळण्यासारखी झुलतच राहिली. मग त्या उजव्या कोपऱ्याशी गेल्या. तिथे ती एकदाच उसळली आणि जागच्या जागी थांबली.

"बघितलंस?" त्या आपल्या मुलाला म्हणाल्या.

मुलगा फाटकाच्या खांबाकडे बघत होता. खांबाचा टवका उडाला होता आणि गाडीचा डावा दिवा फुटला होता. आदल्या दिवशी बाजारातून परतताना बाईंनी गाडी सरळ खांबावर घातली होती, आणि तेव्हापासून किल्ली मुलाच्या खिशात होती. तो चिडला नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं होतं. वय झालं की हात थरथरतात, त्यात कमीपणा नाही, असं तो समजुतीनं म्हणाला होता. गाडी विकून टाकू, जायचं असेल तिथं मी सोडत जाईन. बाईंचं म्हणणं एकच होतं : गाडी डावीकडे ओढते, खड्ड्यात गेली की खालून खडखडते. त्यावर सून स्वयंपाकघरातून हसत म्हणाली होती, नाचता येईना, अंगण वाकडं.

"कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं," बाई म्हणाल्या होत्या.

नवरा गेल्यावर याच गाडीवर त्यांनी लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं होतं. मुलगा त्याच कमाईवर वाढला. शिकून गेलेली माणसं अजून रस्त्यात 'बाई' म्हणून थांबायची. गॅरेजवाल्यांतही त्यांचे विद्यार्थी होते, आणि म्हणूनच गाडी दाखवायला त्यांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं, अनोळखी गॅरेज निवडलं. शिष्यानं गुरूची बाजू घेतली असं उद्या कोणी म्हणायला नको.

गाडी मुलानं चालवली. वाटेत दोनदा त्याला स्टिअरिंग उजवीकडे खेचून धरावं लागलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मेकॅनिकनं जॅक लावून डावं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. चाक दुखऱ्या दातासारखं हललं. शॉकअपचं तेल गळून त्यावर धुळीचं पुट चढलं होतं. आतल्या रबरी बुशला भेगा पडल्या होत्या. टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली होती. तिच्यावरून हात फिरवताना मुलाच्या बोटाला रबरातून वर आलेली तार टोचली.

"चाकाचा हा जॉइंट सुटला असता तर चाकच आडवं झालं असतं," मेकॅनिक म्हणाला. "ही गाडी कोणाच्याच हातात सरळ चालली नसती. चालवतं कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

त्यानं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

काम उरकेपर्यंत ऊन कलायला आलं. मुलानं गाडीतून दोन चकरा मारल्या आणि समाधानानं उतरला. बरं झालं, म्हणाला, आता गिऱ्हाईकही चांगलं मिळेल.

बाईंनी हात पुढे केला.

"किल्ली."

"आई, दोष गाडीचा होता, मान्य. पण..."

"पण काय?"

तो त्यांच्या पसरलेल्या तळहाताकडे बघत राहिला. बोटं बारीक थरथरत होती. बाईंनीही ते पाहिलं. हात मात्र मागे घेतला नाही.

"थरथरतो," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीपासून. कशानं, ते मलाही बघायचंय. डॉक्टर म्हणाले गाडी सोडा, तर सोडीन. तू ठरवलंस म्हणून नाही."

"बरं. जाऊ उद्या."

"दवाखाना आत्ता उघडा असतो."

मुलानं आजूबाजूला पाहिलं. मेकॅनिक चिंध्यांनी हात पुसण्यात फारच गुंतला होता. मुलानं किल्ली आईच्या हातावर ठेवली आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

बाईंनी आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला. गाडी रस्त्याला लागली. भर बाजारात समोरून एक सायकल आडवी आली, तसा मुलानं उजवा पाय खालच्या पत्र्यावर करकचून दाबला. तिथे ब्रेक नव्हता. बाईंनी सावकाश वेग उतरवला, सायकल जाऊ दिली. त्या सीटवर बसून त्यांनी वर्षानुवर्षं असाच पाय दाबला होता, कधी याच्यासाठी, कधी परक्यांच्या मुलांसाठी.

"सैल सोड पाय," त्या म्हणाल्या. "पोटऱ्या दुखतात नंतर."

दवाखान्यासमोर दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा होती. मुलगा उतरून मागे बघायला निघाला, तर त्यांनी बोटानंच बसून राहायला सांगितलं. एका दमात गाडी आत घातली आणि इंजिन बंद केलं.

मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. मुलानं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो राहू दिला.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. किल्ली पर्समध्ये टाकून त्यांनी पर्सची चेन लावली आणि दार उघडलं. "चल."