सारखी वाटणी

नाथाजींनी कराडातल्या गाळ्याच्या मधोमध प्लायवूड ठोकून दोन सुनांना अर्ज टाइप करून देण्याची दोन दुकानं काढून दिली, तेव्हापासून समान वाटणीचा त्यांना ध्यासच लागला होता. एकीला पंखा, तर दुसरीलाही पंखा. परवा त्यांनी दोन वायरलेस कीबोर्ड आणले, दोन्हींत सारखंच सामान आहे ना म्हणून खोकी उघडून पाहिली, पुन्हा भरली आणि जिची तिला दिली.

धाकटी प्रांजल सकाळपासून त्या कीबोर्डशी झटत होती. बटणं दाबून बोटं दुखली, पण अक्षर उमटेना. तिनं सेल बदलले, नखाएवढा रिसीव्हर या यूएसबीतून त्या यूएसबीत घातला, ड्रायव्हर काढून नव्यानं टाकला, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. मुळात तिचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. थोरली जाऊ क्रांती, तिच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. जिला कडेवर खेळवलं, त्या पोरीच्या हळदीचं आवतण नाही. नुसती पत्रिका, तीही दाराखालून सरकवलेली. न बोलावता जावं तर मान जातो, न जावं तर जीव तुटतो.

एवढ्यात स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटू लागली. प्रांजलनं घाबरून हात मागं घेतले. 'मा. तहसीलदार साहेब, क्रुपया...' भुताची शंका तिथंच फिटली. 'क्रुपया' लिहिणारी अख्ख्या कराडात एकच बाई. हीच चूक प्रांजलनं गिऱ्हाइकादेखत दाखवली होती आणि तेव्हापासून दोन वर्षं जावांचं बोलणं बंद होतं. सासऱ्यांनी खोकी भरताना रिसीव्हरांची अदलाबदल केली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. क्रांतीनं आपला कीबोर्ड आत्ताच जोडला होता, तिला पत्ताच नव्हता. ओळ संपेपर्यंत ती मान वर करतच नसे.

प्रांजलनं मन घट्ट करून न दिसणारी अक्षरं बडवली, 'ताई, तुमचा अर्ज माझ्याकडे येतोय.'

पलीकडची टकटक थांबली.  मग उमटलं, 'हळदीला ये.'

प्रांजलचे डोळे भरले, पण ताठा जाईना. तिनं लिहिलं, 'आवतण तोंडानं देतात.'

पलीकडं खुर्ची करकरली. क्रांती दारात येऊन उभी राहिली, रडून नाक लाल झालेलं.

"तोंडानं सांगतीया, ये. तूच यिशील म्हणून लय वाट बगितली," ती म्हणाली. "आन् त्यो अर्ज तेवढा प्रिंट मार. गिऱ्हाईक खोळंबलंय."